पाण्यात उतरण्याआधी

साकीनाक्याहून सगळ्यात जवळचं वाहतं पाणी म्हणजे मिठी नदी, आणि तिच्यात हौसेनं कुणी उतरत नाही. तरी दिवाळी सरली की अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या ऑफिसांत, खैरानी रोडच्या गाळ्यांत आणि चांदिवलीच्या सोसायट्यांत पाण्यात उतरायचे बेत शिजू लागतात. शुक्रवारी रात्रीची बस किंवा तुतारी एक्स्प्रेस, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, रविवारी स्कूबा, सोमवारी पुन्हा मेट्रोच्या रांगेत. महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकेज येतं. त्यात पॅरासेलिंग असतं, बनाना राइड असते, दुपारचं मच्छीचं जेवण असतं आणि ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ हे आश्वासन असतं. शेवटच्या ओळीत असतं ते खरं आकर्षण: पाण्याखालचा व्हिडिओ मोफत.

हे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. निळसर-हिरवं पाणी, मास्कमागचे विस्फारलेले डोळे आणि पसरलेल्या हाताभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका. पाहणाऱ्याला वाटतं, मासे किती माणसाळलेत! बऱ्याचदा त्या हातात, नाहीतर शेजारच्या गाईडच्या मुठीत, पाव असतो.

ही पुस्तिका त्या पावाबद्दल आहे. पाण्याखाली माणसानं कसं वागावं याचे नियम जगभर छापले गेलेत आणि ते थोडक्यात सांगता येतात: शिवू नका, खायला घालू नका, पाठलाग करू नका, काही उचलू नका. नियम माहीत नाहीत म्हणून ते मोडले जातात असं मात्र नाही. ते मोडण्यासाठी आपण पैसे मोजतो, आणि तेही पाण्यापासून पाचशे किलोमीटरवर बसून, फोनवर. समुद्रातल्या नीतीचा निम्माअधिक निकाल बुकिंगच्या वेळीच लागलेला असतो, एवढंच या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे. बाकीची पानं त्याचा तपशील सांगतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचं खरं ठिकाण मालवण. किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. भोवतालचे बुडालेले खडक परक्या जहाजांना अडवत, हा जागा निवडण्यामागचा मोठा फायदा होता. त्याच खडकांवर प्रवाळ वाढलंय, समुद्रशैवालाची कुरणं आहेत, माशांच्या पिल्लांना लपायला कपारी आहेत. 1987 साली इथलं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. राज्यातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. त्यातल्या जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात किल्ल्याभोवतीचे खडक येतात, आणि पर्यटकांच्या होड्यांची गर्दीही इथेच होते. म्हणजे राज्यानं सर्वात जास्त जपायचं ठरवलेला पाण्याचा तुकडा आणि सर्वात जास्त विकला जाणारा तुकडा जवळपास एकच आहे.

अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. पिढ्यान्‌पिढ्या जिथं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढली, तिथं उद्या वनखातं येऊन हाकलेल ही भीती खोटी म्हणता येत नव्हती. पुढे 2010 नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला. स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण देणं हा त्याचा एक भाग होता. राज्य पर्यटन महामंडळानं तारकर्लीला डायव्हिंगची संस्था उभारली आणि सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांनी तिची घडी बसवली. कल्पना चांगली होती. समुद्रातून मासा न काढताही समुद्रावर घर चालू शकतं हे दिसलं, की तो जपण्यात मच्छीमाराचाच फायदा होईल. ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. ज्या घरातला मुलगा मुंबईला साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात बारा तास उभा राहिला असता, तो आज स्वतःच्या गावात डायव्ह गाईड आहे. या पुस्तिकेतली कुठलीही सूचना त्याच्या पोटावर पाय देणारी नसावी, अशी अट आम्ही स्वतःला घालून घेतली होती.

आता पावाकडे वळू. माशाला पाव घातल्यानं बिघडतं काय? पहिलं म्हणजे गर्दी बदलते. पाव खायला धावून येणारे मासे मोजक्याच जातींचे, धीट आणि आक्रमक असतात. ते जमले की बुजरे मासे मागे हटतात, आणि पर्यटकाला दिसतो तो खडकावरच्या जीवसृष्टीतला सर्वात दांडगा कोपरा. दुसरं म्हणजे काम बदलतं. खडकावरचं शेवाळ कुरतडून खाणारे मासे प्रवाळाला श्वास घ्यायला जागा ठेवतात. त्यांचं पोट मैद्यानं भरलं तर शेवाळ वाढतं आणि प्रवाळाची नवी पिल्लं बसायला स्वच्छ दगड उरत नाही. तिसरं म्हणजे स्वभाव बदलतो. माणूस म्हणजे खाणं, हे समीकरण माशाच्या डोक्यात एकदा बसलं की सहज पुसता येत नाही. थायलंडच्या सिमिलन बेटांजवळ एक डायव्ह प्रशिक्षक मोठ्या मोरे ईलला सॉसेज भरवत असे. 2005 साली त्या ईलनं त्याचा अंगठाच तोडून नेला. ईलनं दगा दिला असं कुणी म्हणू नये. सॉसेज आणि अंगठा यांतला फरक तिला कुणी शिकवलेला नव्हता.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं 2002 पासून डायव्हरांनी माशांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. फिलिपिन्समधल्या ओस्लोबचं उदाहरण मात्र उलटं आणि आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथले कोळी 2011 च्या सुमारास देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, जवळा टाकून किनाऱ्याशी खिळवून ठेवू लागले. रोज शेकडो पर्यटक येतात, गावात पक्की घरं उभी राहिली, आणि देवमुशीच्या अंगावर होड्यांच्या घासण्याचे व्रण दिसू लागले. हजारो किलोमीटर फिरणारा प्राणी त्याच खाडीत घुटमळू लागला. गावकऱ्यांना वाईट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. पैसा खराच आहे आणि व्रणही खरेच आहेत.

स्पर्शाचा हिशेब पावापेक्षा सूक्ष्म आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं कवच असतं. आपला हात फिरला की ते निघतं. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण वरचा पातळ थर जिवंत प्राण्यांचा असतो. मोठ्या गोलाकार प्रवाळाची वाढ साधारण वर्षाला एक सेंटिमीटर. बुटाच्या एका ठोकरीनं निघालेला तुकडा भरून यायला कधी कधी एक शाळकरी मूल पदवीधर होण्याइतका काळ लागतो. मालवणचं प्रवाळ गढूळ पाण्यातही तग धरणाऱ्या जातींचं आहे, पण तळातली वाळू पायानं रोज उडवली तर तगण्यालाही मर्यादा येते. त्यात समुद्र तापल्यानं प्रवाळ पांढरं पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. ते संकट आपल्या हाताबाहेरचं आहे, म्हणून जे हातात आहे त्याचं महत्त्व वाढतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला माणूस मुद्दाम काही मोडत नाही. तोंडात रेग्युलेटर, कानात दडे, कमरेला शिशाचा पट्टा, आणि गाईड मागून सिलिंडर धरून त्याला ढकलत असतो. घाबरला की तो पाय झाडतो आणि हाताला लागेल ते धरतो. पाण्यात तरंगत एका पातळीवर स्थिर राहणं ही शिकायची विद्या आहे आणि ती तरणतलावात शिकता येते. तिच्याशिवाय ‘शिवू नका’ ही सूचना म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘बुडू नका’ सांगण्यासारखं आहे. म्हणून पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण प्राण्यांवर नाही, शरीराच्या तोलावर आहे. दोष पाय झाडणाऱ्यापेक्षा जास्त कुणाचा असेल, तर त्याला प्रवाळाच्या अगदी वर नेऊन सोडणाऱ्या आणि दहा मिनिटांत वर काढून पुढचं गिऱ्हाईक उतरवणाऱ्या घाईचा आहे.

प्राण्यांच्या बाबतीत काही समजुती तपासून घ्याव्या लागल्या. केंड मासा फुगतो ते मजेसाठी नाही. तो त्याचा शेवटचा बचाव आहे आणि त्यात त्याची शक्ती संपते. फोटोसाठी त्याला फुगवणारा डायव्हर त्याला पुढच्या खऱ्या शत्रूपुढे दुबळा करून ठेवतो. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. त्याची पाठ धरणं किंवा वाट अडवणं म्हणजे त्याचा श्वास रोखणं. उलट, कॅमेऱ्याच्या फ्लॅशबद्दलची भीती सरसकट खरी निघाली नाही. तळाशी राहणाऱ्या समुद्रघोड्यांसारख्या माशांवर झालेल्या अभ्यासात फ्लॅशपेक्षा, चांगली चौकट मिळावी म्हणून माशाला हलवणं, वळवणं, ढोसणं हेच जास्त जाचक ठरलं. जे दिसायला भपकेबाज ते घातक आणि जे हळुवार ते निरुपद्रवी, असा हिशेब इथे चालत नाही.

कायदा याबाबत अनेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमुशीचा समावेश झाला. हे संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. त्याच वर्षी टणक प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांनाही संरक्षण मिळालं. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. पकडणं, पिटाळणं, आमिष दाखवणं, इजा करणं, शरीराचा भाग काढून घेणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येत बसतं. अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणं आणि कचरा टाकणं हेही गुन्हे आहेत. पाव खाणारा प्रत्येक मासा अनुसूचीत नसतो, त्यामुळे प्रत्येक पाववाला गुन्हेगार ठरत नाही. पण ‘आठवण म्हणून’ खिशात टाकलेला प्रवाळाचा तुकडा माणसाला तुरुंगापर्यंत नेऊ शकतो, हे मालवणहून परतणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं?

हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. स्कूबाचा आजचा प्रकार 1943 साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी घडवला. कूस्तोचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा माहितीपट 1956 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. आज तो पाहताना अंगावर काटा येतो. त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळाखाली सुरुंग उडवला जातो, कासवाच्या पाठीवर स्वारी होते, शार्क मारले जातात. हाच कूस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगातला सर्वात मोठा आवाज झाला. माणसाची दृष्टी एका आयुष्यात बदलू शकते. तेव्हा ज्यांनी काल पाव घातला त्यांना आज हिणवण्यात अर्थ नाही.

या पुस्तिकेच्या कच्च्या मजकुरावर आलेला सर्वात बोचरा आक्षेप मालवणी होता: ‘दुपारी ताटात सुरमई हवी, आणि सकाळी माशाक हात लावलंस तर पाप?’ याला बगल देऊन चालणार नाही. मासेमारी आणि माशाला छळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं. मासेमारीतही नीती आहे, आणि ती मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी रस्त्यावर उतरून मांडली आहे. माशांचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्धच्या त्यांच्या लढ्यानंतर 2016 साली राज्य सरकारनं त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. किती काढावं, कधी थांबावं, पिल्लांना कधी सोडावं, हा विचार त्यांच्याकडे पर्यटकांच्या आधीपासून आहे. पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यामागेही तोच विचार आहे.

आणखी एक उदाहरण पुरेसं बोलकं आहे. जाळ्यात देवमुशी अडकली तर जाळं कापून तिला सोडावं म्हणून गुजरातच्या किनाऱ्यावर 2004 पासून मोहीम चालली. महाराष्ट्रातही 2018 च्या अखेरीपासून देवमुशी किंवा कासवाला सोडवायला असं जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावा लागतो. भर समुद्रात, हातातलं काम थांबवून, आपलं महागडं जाळं तो माणूस कापतो आणि प्राण्याला जाऊ देतो. पर्यटकाकडून मागणं आहे ते फक्त हात आवरण्याचं. समुद्राशी कुणाचं नातं जास्त जबाबदारीचं आहे, हे ठरवायला मग फार विचार करावा लागत नाही. सुरमई खाणाऱ्यानं प्रवाळ जपायला सांगू नये असं नाही. त्यानं मच्छीमाराला शिकवण्याच्या आवेशात सांगू नये, एवढंच.

मग पाव येतो कुठून? गाईडशी मोकळेपणी बोललं की साधं उत्तर मिळतं: गिऱ्हाईक मागतं. व्हिडिओत मासे नसले तर तक्रार होते, इंटरनेटवर एकच तारा मिळतो, पुढच्या आठवड्याचं गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जातं. शेजारची होडी पाव घालते म्हणून ही होडी घालते. दर पाडायची स्पर्धा इतकी, की वेळ कमी करणं आणि माणसं वाढवणं याशिवाय मार्ग उरत नाही. पाव गाईडच्या मुठीत दिसतो, पण त्याची मागणी अंधेरीहून, घाटकोपरहून, मुलुंडहून आलेली असते. प्राण्याशी कसं वागावं हे पाण्याखालच्या काही मिनिटांत ठरत नाही. आपण कशासाठी पैसे मोजले आणि कशाबद्दल तक्रार केली, यावर ते ठरतं.

याच कारणासाठी पुस्तिकेतलं एक प्रकरण मिठी नदीवर आहे. ते इथे कशाला, असं कुणाला वाटेल. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघालेली ही नदी साकीनाका, कुर्ला, धारावीवरून माहीमच्या खाडीत जाते. आपल्या नाल्यात पडलेली पिशवी त्याच अरबी समुद्राला मिळते. समुद्री जीवांशी आपला संबंध सुट्टीपुरता नसतो, तो रोजचा असतो. फक्त रोजच्या संबंधाचा व्हिडिओ कुणी काढत नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी काय काय सापडतं, हे 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या किनारफेऱ्यांनी हजारो मुंबईकरांना दाखवलंय. हाजी अलीजवळ प्रवाळ आहे हे अनेकांना त्यातूनच पहिल्यांदा कळलं. ज्याला मालवणला जायला जमत नाही, त्यानं ओहोटीचं वेळापत्रक बघून एखाद्या फेरीला जावं. तिथेही नियम तेच: बघा, उचलू नका, दगड उलटलात तर होता तसा ठेवा.

सगळे नियम गाळून एकच सूत्र उरतं, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्याशी जोडलेलं आहे: पुढाकार प्राण्याचा. तो जवळ आला तर आपण स्थिर राहायचं, तो वळला तर वळू द्यायचं. आपल्यामुळे त्यानं खाणं थांबवलं, रंग बदलला, बीळ सोडलं किंवा वेग वाढवला, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत. हे सूत्र पाळणाऱ्याला कमी दिसतं असा समज आहे. प्रत्यक्षात उलट होतं. एका खडकासमोर शांत तरंगणाऱ्याला पाच-सात मिनिटांनी कपारीतला हेकरू मासा बाहेर येताना दिसतो, शेवाळ कुरतडण्याचा बारीक आवाज ऐकू येतो, आणि पट्टेवाल्या माशांखेरीजही इथे वस्ती आहे हे कळतं.

ही पुस्तिका डायव्हिंग शिकवत नाही. ते काम प्रशिक्षकाचं आहे. ती कुणाला जायचं थांबवतही नाही. लोक गेले नाहीत तर मालवणच्या तरुणाकडे समुद्र जपण्याचं एक कारण कमी होईल. ती फक्त गिऱ्हाईकाला थोडं त्रासदायक गिऱ्हाईक बनवू पाहते. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा: माशांना खायला घालता का? एका गाईडमागे किती जण उतरवता? उथळ वाळूवर तोल सांभाळायचा सराव आधी करून घेता का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर नम्रपणे सांगा की आम्हाला पाव नको, मासे कमी दिसले तरी चालतील. दर दोनशे रुपयांनी जास्त असला तर ते द्या, आणि परत आल्यावर चांगल्या गाईडचं काम चार लोकांत नावानिशी सांगा. असे पन्नास फोन एका हंगामात गेले, तर कुठल्याही फलकापेक्षा लवकर फरक पडेल.

मतभेद असतील तर कळवा. मालवणहून आले तर आधी वाचू.

साकीनाका, मुंबई